जमिनीखालची टाकी : विदर्भातल्या पेट्रोल पंपाचा इतिहास



नागपूरचा इतिहास सांगताना आपण भोसल्यांचा महाल सांगतो, १८१७ ची सीताबर्डीची लढाई सांगतो, १८६७ साली आलेली रेल्वे आणि त्यानंतर दहा वर्षांनी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल सांगतो. रेल्वे आली आणि विदर्भातल्या गावांनी आपलं तोंड स्टेशनाकडे केलं. पुढे पन्नास-साठ वर्षांनी हीच गावं हळूहळू सडकेकडे वळली. कशामुळे, असं विचारलं तर आपण 'मोटारीमुळे' म्हणून मोकळे होतो. पण मोटारीला जिथे थांबल्याशिवाय गत्यंतर नाही, त्या जागेबद्दल आपल्या स्थानिक इतिहासात फारसं काही येत नाही. ती जागा म्हणजे पेट्रोल पंप. आज मला तिच्याबद्दल बोलायचं आहे, आणि विशेषतः छोट्या गावातल्या पंपाबद्दल.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. पंप दिसायला खासगी दुकान असतो, पण तो उभा राहतो सरकारी सडकेच्या कडेला, सरकारी परवान्यावर आणि मापावरच्या लोकांच्या विश्वासावर. यांपैकी एकही नसेल तर पंप चालत नाही. म्हणून पंपाचा इतिहास हा गावाच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास आहे. आणि या इतिहासातली काही महत्त्वाची पानं थेट नागपुरात लिहिली गेली आहेत.

सुरुवात मात्र पंपापासून होत नाही, डब्यापासून होते. १८८८ साली जर्मनीत बेर्टा बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन लांबच्या प्रवासाला निघाल्या, तेव्हा वीसलोख गावातल्या एका औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतलं. पहिली अनेक वर्षं जगभर हीच रीत होती. पेट्रोल हे औषधवाल्याकडे, किराणा दुकानात, सायकलच्या दुकानात मिळायचं. मोटार आत नेऊन इंधन भरण्यासाठी मुद्दाम बांधलेलं ठिकाण अमेरिकेत पिट्सबर्गला गल्फ कंपनीने १९१३ च्या डिसेंबरात सुरू केलं. इंग्लंडमधला आल्डरमॅस्टनचा पहिला पंप त्यानंतर सहा वर्षांनी, महायुद्ध संपल्यावर आला.

आपल्याकडे तेलाचा धंदा मोटारीच्या आधीपासून खेड्यापाड्यांत पोचला होता, तो कंदिलामुळे. राकेल चार गॅलनच्या चौकोनी डब्यातून यायचं. रेल्वेने स्टेशनापर्यंत, तिथून बैलगाडीने बाजाराच्या गावी, आणि पुढे डोक्यावरून. चार गॅलन म्हणजे अठरा लिटरांच्या थोडं वर. इतवारीत गोडेतेलाचा जो चौकोनी डबा आजही दिसतो, तो साधारण याच घडणीचा. रिकामा झाला की त्याच डब्यात पाणी भरलं जाई, धान्य ठेवलं जाई, आणि पत्रा उलगडून झोपडीच्या छपरावरही घातला जाई. १९२८ साली बर्मा ऑइल आणि शेल यांच्या भारतातल्या विक्रीची मिळून बर्मा-शेल कंपनी झाली, तेव्हा देशभर पसरलेलं हे डब्यांचं जाळं तिच्या हाती होतं. पेट्रोल त्याच वाटेने आलं. ज्याच्याकडे राकेलची एजन्सी, त्याच्याकडे पेट्रोलचे डबे, हे छोट्या गावात साहजिकच होतं.

पण राकेल आणि पेट्रोल यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. राकेलला पेट घ्यायला ऊब लागते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांवरसुद्धा ठिणगीने पेटते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरवरची चूल किंवा विडी गाठते. त्यात आपला उन्हाळा. नागपुरात पारा छेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण हजारात एक भाग. थंडीत भरलेला अठरा लिटरचा डबा मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहिला, तर आतलं पेट्रोल जवळजवळ अर्धा लिटर वाढू पाहतं. डबा फुगतो, झाळलेला सांधा उकलतो, वाफ बाहेर येते. डबा मोटारीच्या टाकीत ओतताना फनेलभोवती जे काही उडून जाई आणि सांडे ते वेगळंच. विदर्भात डब्यातलं पेट्रोल विकणं म्हणजे उन्हाळाभर जीव मुठीत धरून विकणं होतं.

यावरचा उपाय म्हणजे जमिनीखालची टाकी. काही फूट खोल गेलं की मातीचं तापमान दिवस-रात्र फारसं हलत नाही. टाकी पुरली की पेट्रोल थंड राहतं, उडतं कमी, आणि आगीपासून दूर असतं. वर फक्त पंप आणि वाफ सोडणारा उंच पाइप, तोंडावर बारीक तारेची जाळी लावलेला. १९३० च्या दशकात बर्मा-शेलने सडकेपासून आत घेतलेले, गाडी आत येऊन बाहेर पडेल असा रस्ता ठेवलेले पंप बांधायला सुरुवात केली, आणि हळूहळू ते रस्तेबांधणीचाच एक भाग मानले जाऊ लागले.

त्या काळच्या यंत्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. लोखंडी खांब, वर काचेची जाड बरणी, काही पंपांवर दोन बरण्या. बरणीवर मापाच्या खुणा. पंपावरचा माणूस दांडा मागेपुढे हलवायचा आणि जमिनीखालचं पेट्रोल काचेत चढायचं. खुणेपर्यंत आलं की जास्तीचं आपोआप टाकीत परत जायचं, त्यामुळे माप वर-खाली होण्याची सोय नव्हती. मग कॉक फिरवला की ते रबरी नळीतून आपल्या वजनानेच गाडीत उतरायचं. दोन बरण्यांच्या पंपावर एक रिकामी होत असताना दुसरी भरत असे. विजेची गरज नाही, त्यामुळे जिथे वीज पोचायला अजून वीस-तीस वर्षं होती त्या गावातही हा पंप चालायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहून काचेतला रंग पाहायचं, पातळी पाहायचं, आणि पैसे द्यायचं. माझ्या मते छोट्या गावात कंपनीच्या पाटीपेक्षा या काचेच्या बरणीने जास्त काम केलं. ज्या बाजारात दुधाचं माप आणि कापसाचा काटा यांवरून रोज भांडणं होत, तिथे उघड्या डोळ्यांनी दिसणारं माप ही फार मोठी गोष्ट होती.

आता सडकेकडे येतो, कारण सडकेवाचून पंप नाही. १९२७ साली सरकारने रस्त्यांसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने सांगितलं की रस्ते बांधणं आता प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेर गेलं आहे, केंद्राने त्यात लक्ष घालावं आणि पैसा मोटारवाल्यांकडून पेट्रोलवर जादा कर घेऊन उभा करावा. १९२९ साली गॅलनमागे दोन आण्यांचा हा जादा कर बसला आणि त्यातून मध्यवर्ती रस्ता निधी तयार झाला. म्हणजे पंपावर गाडीत उतरणाऱ्या प्रत्येक गॅलनमधून पुढच्या सडकेचे दोन आणे बाजूला पडू लागले. पंप सडकेवर जगतो हे सगळ्यांना दिसतं. सडकही पंपावर जगते, हे जयकरांनी देशाच्या हिशेबात लिहून ठेवलं. आज रस्ते उपकर या नावाने आपण जे देतो त्याचं मूळ इथे आहे. जयकरांचं नाव आपण कायदेपंडित म्हणून घेतो, ग्रंथालयाला दिलेलं नाव म्हणून घेतो, पण प्रत्येक पंपावर त्यांचं ऋण आहे हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

मग युद्ध आलं. १९४१ साली पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. कूपन असल्याशिवाय पेट्रोल नाही. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. माघार घेताना तिथली तेलशुद्धीकरणाची यंत्रणा जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनीच उद्ध्वस्त केली. बर्माचं तेल बंद झालं आणि टंचाई तीव्र झाली. मोटारींच्या मागे लोखंडी भट्टी बसवून लाकडी कोळशाच्या वायूवर गाड्या चालवण्याचा तो काळ. ड्रायव्हरने आधी भट्टी पेटवायची, धूर निवळेपर्यंत थांबायचं, आणि चढावर गाडीला दम लागला की प्रवाशांनी समजून घ्यायचं.

आणि नेमक्या याच काळात, डिसेंबर १९४३ मध्ये, देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. पंपांवर पेट्रोल कूपनावर मिळत होतं आणि ही माणसं पुढच्या वीस वर्षांच्या रस्त्यांचा आराखडा करत होती. हीच 'नागपूर योजना'. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि गावरस्ते ही प्रतवारी तिथे ठरली. दर शंभर चौरस किलोमीटरला सोळा किलोमीटर रस्ता हे लक्ष्य तिथलंच. शेतीच्या विकसित मुलखातलं कोणतंही गाव मुख्य सडकेपासून पाच मैलांहून दूर राहू नये, हा दंडकही तिथलाच. आजही बांधकाम खात्याच्या फलकांवर 'प्रजिमा', 'इजिमा' अशी अक्षरं दिसतात, ती त्याच प्रतवारीतून आली आहेत. वीस वर्षांचं ते लक्ष्य देशाने १९६१ पर्यंतच ओलांडलं. नागपूर करार आपल्याला ठाऊक असतो, नागपूर योजना मात्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपलीकडे कुणाला माहीत नसते. या शहराने देशाला दिलेल्या गोष्टींत मी तिला फार वरचं स्थान देतो. छोट्या गावाजवळ पंप येण्याची शक्यता त्या पाच मैलांच्या दंडकाने निर्माण केली.

त्याच वर्षांत इथून जवळ वर्ध्याला एक माणूस अगदी उलट बाजूने विचार करत होता. जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम पाहत. त्यांनी तुरुंगात असताना लिहिलेला अर्थशास्त्रावरचा ग्रंथ १९४५ साली निघाला. त्यांचा मुद्दा असा की कोळसा आणि खनिज तेल हे साठे आहेत, उपसले की संपणारे. आणि संपणाऱ्या साठ्यावर उभी राहिलेली व्यवस्था माणसांना एकमेकांवर उठवते. वाहत्या, पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या शक्तीवर समाज उभा करावा. राकेलवरचं खेड्याचं अवलंबन सुटावं म्हणून मगनवाडीत वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' तयार झाला होता. पेट्रोल पंपाचा इतिहास सांगताना कुमारप्पांना बाजूला ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्यांनी जे धोके सांगितले ते सगळे खरे ठरले आहेत. आणि तरीही, अडलेल्या बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी गाडी त्या पंपामुळेच चालली हेही तितकंच खरं आहे. या दोन खऱ्यांना एकत्र धरूनच हा इतिहास लिहिला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर नागपूर हे देशाचं मध्यवर्ती ठाणं झालं. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, इंधन भरलं जाई आणि विमानं पहाटेपर्यंत परत आपापल्या शहरी पोचत. जमिनीवर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन मोठे महामार्ग, जुने क्रमांक सात आणि सहा, इथेच एकमेकांना छेदत होते. वर्धा रोड, अमरावती रोड, कामठी रोड, भंडारा रोड यांच्या कडेने पंप वाढत गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि इथली प्रवासी वाहतूक एसटीच्या छत्राखाली आली. एसटीच्या आगारांना आपले डिझेल पंप, त्यामुळे तालुक्याच्या पंपाचं गिऱ्हाईक राहिलं ते ट्रक, जीप, डॉक्टरची मोटार, फटफटी आणि पुढे ट्रॅक्टर.

तालुक्याच्या गावातला पहिला पंप बहुधा वेशीबाहेर असे, कारण आगीच्या नियमांमुळे त्याला वस्तीपासून अंतर लागतं. पण थोड्याच दिवसांत वस्ती त्याच्याकडे सरकायची. आधी पंक्चरवाला, मग चहाची टपरी, मग ट्रकवाल्यांसाठी ढाबा, मग स्पेअर पार्टचं दुकान. रात्री गावात अंधार आणि पंपावर दिवा. पुष्कळ ठिकाणी एसटीच्या थांब्याचं नावच 'पेट्रोल पंप' पडलं, आणि पुढे पंप हलला तरी थांबा त्याच नावाने राहिला. विदर्भातल्या अनेक गावांची वाढ कोणत्या दिशेने झाली हे पाहायचं असेल, तर पहिला पंप कुठे होता ते विचारावं.

कंपन्यांची नावं बदलत गेली, ते भराभर सांगतो. स्टॅनव्हॅकचं १९६२ साली एसो झालं, १९७४ साली सरकारने ती घेतली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झालं. बर्मा-शेल १९७६ साली सरकारकडे आलं, त्याचं भारत पेट्रोलियम झालं. कॅलटेक्स पुढे हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झालं. इंडियन ऑइल १९५९ पासून सरकारीच. पाट्या बदलल्या, रंग बदलले, पण बहुतेक ठिकाणी डीलर तोच राहिला आणि जमिनीखालची टाकीही तीच. गॅलन जाऊन लिटर आला तो १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर, टप्प्याटप्प्याने.

मापाचा प्रश्न मात्र संपला नाही, त्याचं रूप बदललं. काचेची बरणी जाऊन मीटर आला, तेव्हा माप डोळ्यांआड गेलं. त्याची भरपाई नियमांनी केली. प्रत्येक पंपावर वैध मापन खात्याने मोहर केलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात पेट्रोल मापून दाखवावं लागतं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. हा हक्क आपल्यापैकी फार थोडे लोक वापरतात. पंपावरचा पोरगा 'भाऊ, झीरो पाहून घ्या' म्हणतो तेव्हा तो जुन्या काचेच्या बरणीचंच काम शब्दांनी करत असतो.

सकाळी पंप सुरू होण्याआधीचं काम एकदा जवळून पाहण्यासारखं असतं. टाकीचं झाकण उघडून पितळी दांडा सरळ आत सोडतात. त्याला 'डिप घेणं' म्हणतात. दांड्याच्या टोकाला एक लेप लावलेला असतो. तळाशी पाणी असेल तर तेवढ्या भागात लेपाचा रंग बदलतो. मग काचेच्या नळकांड्यात पेट्रोल घेऊन त्यात घनतामापक सोडतात, तापमान पाहतात आणि तक्त्यावरून पंधरा अंशांची घनता काढून वहीत लिहितात. कालच्या आकड्याशी ताडून पाहतात. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असल्यामुळे पावसाळ्यात हे काम जास्त जोखमीचं झालं आहे. पाणी शिरलं तर इथेनॉल त्याच्याबरोबर खाली बसतं आणि टाकीत दोन थर होतात. हे सगळं गिऱ्हाइकाच्या नजरेआड रोज घडतं, आणि ते करणाऱ्या माणसांना त्याचं श्रेय कधी मिळत नाही.

आता शेवटच्या धाग्याकडे येतो. पेट्रोल पंप उघडायचा तर जिल्हाधिकाऱ्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि मग पेट्रोलियम नियमांखालचा परवाना. १९३४ चा पेट्रोलियम कायदा, त्याखालचे १९३७ चे, १९७६ चे आणि २००२ चे नियम, ही त्याची परंपरा. हा परवाना देणारं जे केंद्र सरकारचं खातं, १८९८ साली स्फोटकांसाठी सुरू झालेलं आणि आज 'पेसो' नावाने ओळखलं जाणारं, त्याचं देशाचं मुख्यालय कुठे आहे? आपल्या सेमिनरी हिल्सवर. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या प्रत्येक पंपाची टाकी किती खोल, पाइप किती उंच, शेजारची भिंत किती दूर, याचे नियम या टेकडीवरून पाळून घेतले जातात. २०२१ च्या जुलैत कामठी रोडवर वाहनांसाठी द्रवरूप नैसर्गिक वायूचं, म्हणजे एलएनजीचं, केंद्र सुरू झालं. उणे एकशेसाठ अंशांच्या आसपास ठेवावं लागणारं हे इंधन. डब्यातून ओतलेल्या पेट्रोलपासून इथपर्यंतचा सगळा प्रवास या एका शहराच्या परिघात मांडता येतो.

परवान्याबरोबर मंजूर केलेला नकाशा जोडलेला असतो. अभ्यासक म्हणून मला तो अनमोल वाटतो. त्यावर सडकेची रुंदी असते, सडक कोणत्या प्रतीची ते असतं, टाकीची जागा असते आणि सुरक्षित अंतर दाखवायचं म्हणून आजूबाजूची घरं, विहिरी, विजेच्या तारा, शाळा, नाले हे सगळं मापासह काढलेलं असतं. जुन्या गावाच्या वेशीचा, त्या त्या वर्षीचा, तारखेसह असलेला इतका काटेकोर नकाशा आपल्याला दुसरीकडे क्वचितच मिळेल. पंप बंद झाला, मालकी बदलली, नवीन इमारत झाली की हे कागद रद्दीत जातात. त्यांच्याबरोबर डिपच्या वह्या जातात, रेशनिंगची उरलेली कूपनं जातात, एजन्सीचे करार जातात.

या सभागृहात डीलर कुटुंबांतली माणसं असतील, निवृत्त टँकर चालक असतील, तेल कंपन्यांत आणि बांधकाम खात्यात नोकरी केलेले असतील. त्यांना माझी विनंती आहे की असे कागद फेकू नयेत. मूळ कागद देववत नसेल तर त्याची छायाप्रत द्यावी, आणि नकाशा असेल तर पूर्ण मापात द्यावी, लहान करून नको, नाहीतर त्यावरची अंतरं वाचता येत नाहीत. कागदाच्या मागे गावाचं नाव, सडकेचं नाव आणि पंप कोणत्या वर्षी सुरू झाला ते पेन्सिलीने लिहावं. आपण सुरुवात वर्धा रोडपासून करू, बुटीबोरी, हिंगणघाट, वरोरा या क्रमाने, कारण त्या सडकेचं रुंदीकरण होऊन जुन्या जागा आधीच झपाट्याने पुसल्या गेल्या आहेत. ज्यांनी दांडा हलवून पेट्रोल भरलं अशी माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याशी बोलायचं काम या पावसाळ्याआधी करायला हवं. जे कुणी बरोबर येणार असतील त्यांनी व्याख्यानानंतर दाराशी ठेवलेल्या वहीत आपलं नाव आणि तालुका लिहावा.